परतीची गाडी आधी विचारा

“आपल्याकडे मोटार असती ना, तर दर महिन्याला कुठल्या तरी डोंगरावर गेलो असतो!” हे वाक्य मी लग्न झाल्यापासून किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. तुमच्यापैकी अनेकींच्या तोंडीही ते असेल. आमच्या जरीपटक्यातून कुठल्याही गच्चीवर चढा, डोंगर म्हणून दिसत नाही. दिसतात त्या पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे. नागपुरात सेमिनरी हिल्स आहे म्हणा, पण तिला डोंगर म्हणायचं म्हणजे नागपूरकरांनी स्वतःचीच समजूत घालायची! खरा डोंगर चढायचा तर गाव सोडावंच लागतं. आणि गाव सोडायचं म्हटलं की मोटार, ड्रायव्हर, पेट्रोल, ह्यांची सुट्टी असा सगळा पाढा सुरू होतो. तो संपेपर्यंत मुलांच्या परीक्षा येतात.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही चौघी निघालो. मी, शाळेतल्या दोन बाई आणि शेजारच्या सिंधी भाभी. रामटेकला जायचं, गडावर पायी चढायचं आणि संध्याकाळी घरी. इतवारीहून रामटेकची रेल्वे आहे. त्या फाट्याचं रामटेक हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे कुठे उतरायचं ही काळजी नाही. सकाळी मजेत गेलो. अंबाळा तलावाच्या बाजूने जुन्या पायऱ्या आहेत, त्यांनी चढलो. वर वराहाची ती भली मोठी दगडी मूर्ती पाहिली, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटकांच्या काळातली देवळं पाहिली. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं महामहोपाध्याय मिराशींनी मांडलं. तेव्हा कालिदास स्मारकाशी बसून गप्पा मारल्याशिवाय उठायचं तरी कसं! भाभींनी कोकी आणली होती. ही सिंधी कोकी प्रवासाला फार सोयीची हो. कांदा, हिरवी मिरची, अनारदाना घातलेली जाड पोळी, दोनदा शेकलेली. सकाळची संध्याकाळपर्यंत उत्तम टिकते, सोबत लोणचं असलं की झालं.

आणि इथेच आम्ही फसलो. “संध्याकाळी एखादी गाडी असेलच,” हे चौघींनीही मनानेच धरलं होतं. विचारलं मात्र एकीनेही नव्हतं! त्या फाट्यावर दिवसातून मोजक्याच फेऱ्या. खाली उतरून स्टेशनवर पोचलो, तर गाडी निघून गेलेली. डिसेंबरातला दिवस, सहा वाजायच्या आत अंधार. तशाच एस.टी. स्टँडवर आलो. तासाभराने गाडी मिळाली, तीही गच्च भरलेली. कन्हानपर्यंत उभ्याने आलो. फोनमधली बॅटरी उतरलेली, त्यामुळे घरी कळवणंही झालं नाही. घरात पाय ठेवला तेव्हा साडेनऊ वाजले होते. धाकट्याची दुसऱ्या दिवशी चाचणी, आणि तो वही घेऊन दारातच बसलेला. सासूबाईंनी पिठलं-भात करून ठेवला होता. हे त्या रात्री एक शब्दही बोलले नाहीत. सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता एवढंच म्हणाले, “गाडी घेऊ तेव्हा जा. तोवर पुरे.”

खरं सांगते, मला ते पटलंच होतं. चूक माझी होती, मग कोणत्या तोंडाने बोलणार? पण सासूबाई ओट्याशी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “काहून वं, गाडी कवा सुटते थे इचारलं नाही, एवढंच चुकलं ना? आमी त् नागद्वारले जावो, तवा पयले वापसीची येस्टी इचारो. मंग महादेवाचं नाव घेवो.”

मी बी.ए. झालेली बाई, आणि हे मला शहात्तरीच्या सासूबाईंनी शिकवावं! पण विचार करा. आपल्या विदर्भातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पचमढीचा डोंगर चढत आल्या आहेत. महाशिवरात्रीला चौरागड, नागपंचमीला नागद्वार. नागद्वारची वाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातली, म्हणून वर्षातून नागपंचमीच्या आधीचे थोडेच दिवस उघडते. दऱ्या, ओढे, लोखंडी शिड्या, वरून श्रावणाचा पाऊस. ती वाट चालणाऱ्या बायकांपैकी कितीजणींच्या दारात मोटार उभी होती? त्या एस.टी.ने गेल्या, उरलेलं पायी चालल्या आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या. आपण त्याला ‘यात्रा’ म्हणतो, म्हणून तो डोंगर चढणं आहे हे आपल्या लक्षातच येत नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत पहिल्या ओळीला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ असते. तिच्या आधीची गाडी दुसऱ्या ओळीला. आपण पकडायची ती आधीची. शेवटची ही फक्त राखीव, हिशोबात धरायचीच नाही. मग उलटं मोजत यायचं. चारची गाडी धरायची, तर साडेतीनला स्टँडवर. म्हणजे अडीचला उतरायला सुरुवात. म्हणजे माथ्यावरचं जेवण साडेबाराला. असं मोजत मोजत सकाळी घरातून कितीला निघायचं ते आपोआप निघतं. फोनवर वेळा दिसतात हल्ली, त्या बघा. पण त्या गावच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीवर पुन्हा विचारा. रविवारी आणि सणाला काही फेऱ्या बंद असतात, आणि हे खिडकीतल्या माणसालाच ठाऊक असतं. कंडक्टरलाही विचारावं. “भाऊ, परतीला तुमचीच गाडी का?” एवढं विचारलं की पुष्कळदा तो कुठे उभं राहायचं तेही सांगतो.

दुसऱ्यांदा रामटेकला गेलो ते एस.टी.ने. आम्हाला तर सोयच झाली आहे. ११ डिसेंबर २०२२ ला मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत सुरू झाली, तेव्हापासून इंदोरा चौकातून बसलं की बर्डी. तिथून ऑटोने गणेशपेठ. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरीच्या वरच्यांना तर २०२२ पासूनच फुकट. म्हणजे सासूबाईंना काहीच नाही, मला निम्मं. त्यांचं आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवायचं. रामटेकची वानरं मात्र सांभाळा! हातात पिशवी दिसली की ती त्यांचीच. डबा पाठीवरच्या चेनच्या पिशवीत ठेवा आणि चढताना खाऊ बाहेर काढू नका.

एक गोष्ट आपण बोलत नाही, पण तिच्यापायीच कितीतरी जणी घराबाहेर पडत नाहीत. बाथरूमची. डोंगरावर सोय नसते म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, ही आपली जुनी खोड. नागपूरच्या उन्हात ती फार महागात पडते. त्यापेक्षा प्रत्येक स्टँडवर, गरज वाटो न वाटो, जाऊन यायचं. सुटे पैसे आणि साबणाचा तुकडा हाताशी ठेवायचा आणि पाणी नीट प्यायचं. चौघी असलो की एकीने सामानापाशी थांबता येतं. मी एकटीने जात नाही ते मुख्यतः ह्यासाठी.

आता चिखलदरा. हे एका दिवसाचं काम नाही, मुक्काम हवाच. नागपूरहून अमरावती दीडशे किलोमीटर, तिथून परतवाडा आणि परतवाड्याहून घाटाची गाडी. सगळी मेख परतवाड्याला आहे. अमरावतीपर्यंत गाड्यांची ददात नाही, पण घाट चढणाऱ्या फेऱ्या कमी. म्हणून पहाटेच निघा आणि दुपारच्या आत परतवाडा गाठा. घाटात मळमळतं त्यांनी पुढच्या बाजूला बसावं, आवळा सुपारी तोंडात धरावी. वर पोचलात की मोटारीची आठवणही येत नाही. गाव सुमारे साडेतीन हजार फुटांवर. देवी पॉइंट पायी होतो, गावाशेजारच्या गाविलगडाचीही वाट पायीच. हा किल्ला आपल्या नागपूरकर भोसल्यांचा. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने तो जिंकला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. मुलांना हे तिथे पडक्या दरवाज्यात उभं राहून सांगावं. पुस्तकातला तह त्यांच्या लक्षात राहत नाही, हा राहतो. गडावर सकाळीच जा. आजूबाजूला मेळघाटचं जंगल आहे, वाघ-अस्वलांचं. दिवस कलताना तिथे रेंगाळू नये.

पचमढीला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच चालतं, पुढे पूर्ण पैसे. छिंदवाड्याकडून गाड्या जातात, यात्रेच्या दिवसांत एस.टी. जादा गाड्याही सोडते. पण त्या गर्दीत लहान मुलं नेऊ नयेत असं माझं मत आहे. तिथे हिवाळ्यात जावं.

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी म्हणतील, ह्यात काय नवल? त्यांचं बरं असतं बाई! लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरलं की भाज्याची लेणी आणि लोहगड पायी. नेरळला उतरलं की माथेरान. आणि माथेरानात तर मोटार असलेल्यांनाही ती दस्तुरीला सोडून पुढे चालावंच लागतं! आमच्या विदर्भात लोकल नाही, फेऱ्या कमी, अंतरं लांब. म्हणून तर वही लागते.

ती वही आता ह्यांनाही पाठ झाली आहे. मागच्या महिन्यात निघताना ह्यांनी चप्पल घालता घालता विचारलं, “परतीची कितीची?” मी म्हटलं, “चारची, आणि ती चुकली तर सव्वापाचची.” ह्यांनी मान डोलावली आणि मुलांचा स्वयंपाक काय करायचा ते विचारलं. खिचडी सांगितली. सासूबाई माझ्याबरोबर होत्या. गडावर त्या अर्ध्यापर्यंतच चढल्या, मग पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना ‘कुठून आल्या?’ असं विचारत राहिल्या. उतरताना त्या मला म्हणाल्या, “चिखलदऱ्याले कवा जातो मंग?”

जानेवारीत जायचं ठरतंय. अमरावती-परतवाड्याकडच्या कुणी हे वाचत असाल, तर चिखलदऱ्याहून दुपारी उतरणाऱ्या गाड्यांच्या वेळा तेवढ्या कळवा. वहीतली पहिली ओळ अजून रिकामी आहे.