पंप हवाच, पण धूरही थांबवा
दमा असलेल्या मुलाच्या आईला डॉक्टर सांगतात, उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद करा, भिंतीची ओल काढा, घरात कोणाला बिडी ओढू देऊ नका. सल्ला योग्यच. पण देवनारच्या कचराभूमीलगत, गोवंडीच्या एका खोलीत राहणाऱ्या आईने खिडकीबाहेरची हवा कशी बदलावी? १९२७ पासून देवनारला मुंबईचा कचरा पडत आला आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस हटला नव्हता. पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते हा गैरसमज घातक आहे, औषध नियमित घ्यायलाच हवे. मात्र जळता कचरा, बांधकामाची उघडी धूळ आणि लाकूड-कोळशाच्या भट्ट्या कोणतेही औषध थांबवत नाही. ते काम महापालिकेचे आहे. महापालिकेने वॉर्डनिहाय कारवाई जाहीर करावी आणि सुरुवात गोवंडीपासून करावी.