एस. टी.चा धनी कोण?

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी वाड्यांतून जुन्नर वा घोडेगाव गाठावयाचे, तर गरिबाला एस. टी.चाच आधार. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला संप पाच महिन्यांहून अधिक लांबला, तेव्हा त्या आधाराचे मोल सर्वांस कळले.

शासनात विलीनीकरण व्हावे, म्हणजे शासकीय वाहनचालकाइतके वेतन मिळेल, ही संपकऱ्यांची मागणी. समितीने ती अमान्य केली. त्याआधीच, नोव्हेंबरात, मूळ वेतनात वाढ झाली होती: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांस ५,००० रुपये, वीस वर्षांपर्यंत ४,००० आणि त्यापुढे अवघे २,५००. नवख्याचे वेतन तुटपुंजे होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु माळशेज घाटाची वळणे ज्याला तोंडपाठ, त्याच्याच पदरी सर्वांत कमी! ही वाढ सरसकट ६,५०० वर येण्यास सप्टेंबर २०२४ मध्ये, ऐन गणेशोत्सवापूर्वी, पुन्हा संप करावा लागला.

महामंडळ स्वतंत्र आहे, असे सांगण्यात येते. मग पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस मोफत प्रवास (२०२२) आणि महिलांस अर्धे तिकीट (२०२३) हे निर्णय कोणाचे? निर्णय स्तुत्यच आहेत. पण सवलत जाहीर करताना धनी आणि पगारपत्रकापुढे परका, हे शासनास शोभत नाही. सवलतींची भरपाई दरमहा ठरल्या तारखेस महामंडळाच्या हाती पडावी आणि वेतनकरार जुन्याची मुदत संपण्यापूर्वीच व्हावा, एवढे तरी शासनाने पत्करावे.