परळमध्ये संशोधकाची जागा

वाल्देमार हाफकिन १८८९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले तेव्हा तिथे त्यांच्यासाठी संशोधकाची जागा नव्हती. ग्रंथालयात साहाय्यकाची होती, ती त्यांनी घेतली आणि उरलेल्या वेळात जंतूंवर काम केलं. १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस तयार झाली. १८९६ च्या ऑक्टोबरात ते प्लेगने हादरलेल्या मुंबईत आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची नवी लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली. तीच आजची हाफकिन संस्था.

पीएच.डी. संपत आलेल्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते, कारण अमेरिका किंवा जर्मनीतल्या पोस्टडॉकखेरीज दुसरं काही नाही असं त्यातल्या अनेकांना वाटत असतं. हाफकिनपासून चालत जाण्याच्या अंतरावर टाटा मेमोरियल आहे, केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवर काम करणारी संस्था आहे, प्रजनन आणि बालआरोग्यावरची दुसरी आहे. माटुंग्याला आयसीटी, कुलाब्याला टीआयएफआर.

अडचण अशी की इथल्या बहुतेक जागा प्रकल्पाच्या असतात. संस्थेच्या संकेतस्थळावर ‘रिसर्च असोसिएट पाहिजे’ अशी सूचना लागते, पाठोपाठ वॉक-इन इंटरव्ह्यू होतो आणि ज्याला आधीच माहीत आहे तोच वेळेवर पोचतो. म्हणून थिसिस जमा करण्याच्या बऱ्याच आधी पत्रं लिहायला लागा. एकच पत्र पन्नास जणांना पाठवू नका. ज्यांच्याकडे काम करायचं त्यांचे अलीकडचे दोन-तीन पेपर वाचा. त्यातला कुठला प्रश्न अर्धा राहिलाय आणि आपल्याला येणारं कुठलं तंत्र तो पुढे नेईल, हे चार ओळींत मांडा. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठीही मार्गदर्शकाची संमती आधी लागते; फेलोशिप दोन वर्षांची असते आणि वयाची अट साधारण पस्तिशीची, महिलांना त्यात सवलत आहे. आणि हो, प्रकल्पाची ग्रँट अजून किती महिने आहे, हे विचारायला मुळीच संकोचू नका. घर चालवायचं असतं.

२०२३ मध्ये रिसर्च असोसिएटचं किमान मानधन दरमहा ५८,००० रुपये झालं, घरभाडं वेगळं. रक्कम वाईट नाही. पण ती महिन्याच्या महिन्याला हातात पडेलच, याची हमी नसते. अनुदानाचा हप्ता अडला की संशोधकाचं मानधन अडतं. लालबागच्या घरमालकाला मात्र भाडं एक तारखेलाच हवं असतं. घरी आईवडिलांचा आधार असलेला यातून तरतो. कोल्हापूर-नांदेडहून आलेली मुलगी दोन-तीन महिने ओढते आणि मग औषध कंपनीतली नोकरी धरते. कंपनीतल्या कामात कमीपणा काहीच नाही, पण जिला प्रयोगशाळेतच राहायचं होतं तिला भाड्यापायी बाहेर पडावं लागतं, याचा मला मनस्वी राग येतो.

प्रत्येक संस्थेने आपल्या निधीतून पोस्टडॉकच्या तीन महिन्यांच्या मानधनाइतकी रक्कम बाजूला ठेवावी. हप्ता लांबला तर त्यातून मानधन द्यावं, अनुदान आलं की भरपाई करून घ्यावी. पहिला प्रकल्प संपून दुसरा मंजूर होईपर्यंतही याच पैशावर माणूस टिकेल. जाहिरातीत ‘तात्पुरती नेमणूक’ छापतात, त्याच ओळीखाली ही सोयही छापावी, म्हणजे नांदेडच्या मुलीला अर्ज भरण्याआधीच तिचा हिशोब मांडता येईल.