चौथ्या दिवसाचा शेजार

मृग लागायच्या तोंडावर आमच्या अनसिंगकडे आभाळ एकाएकी काळवंडते. दुपारी अंगाची लाही करणारे ऊन आणि पाच वाजता वावधन. वाशीम–पुसद रस्त्याच्या कडेची झाडे मोडतात, विजेचे खांब वाकतात आणि सर्वांत आधी उडतात ती आमच्या वस्तीतली टिनपत्रे. स्लॅबच्या घराला वारा काही करीत नाही. ज्याचा पत्रा दगडांच्या वजनावर तरलेला असतो, त्याचेच छप्पर जाते. वारा सर्वांसाठी सारखा असतो असे म्हणतात. असेलही. पण घरे सारखी नसतात.

अशा संध्याकाळी माणसे मात्र सारखी होतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ज्याची चूल कोरडी, तिथे पाच घरांच्या भाकरी होतात. तान्ही लेकरे आणि म्हातारी माणसे ज्याच्या घरावर छप्पर आहे त्याच्याकडे जातात. भिजलेली तूर नि ज्वारी कुणाच्याही कोरड्या ओसरीवर पसरली जाते. वाड्यातला पत्रा उडून वरच्या आळीत पडला, तर तिकडची पोरे तो उचलून आणून देतात. मुस्लिम मोहल्ल्यातून कुणी दोर आणतो, तांड्यावरून कुणी बल्ल्या आणतो. त्या रात्री कुणी कुणाची जात विचारीत नाही. दुसऱ्या दिवशीही विचारीत नाही. तिसऱ्या दिवशीही सहसा नाही.

चौथ्या दिवशी यादी येते.

मदतीची यादी, पंचनाम्याची यादी, कुणाचे किती गेले याची यादी. आणि कालपर्यंत जी माणसे नुसती माणसे होती, ती पुन्हा सातबारावाली, बिनसातबारावाली, गावठाणातली, गायरानावरची, वरची, खालची होतात. मला आज बोलायचे आहे ते या चौथ्या दिवसाबद्दल.

कोकणातले उदाहरण घ्या. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन–दिवेआगर किनाऱ्यावर धडकले. ते कोरोनाचे दिवस होते. एकमेकांपासून लांब राहा, असा सरकारी आदेश होता. पण वादळाने नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट केल्या, रस्ते बंद झाले, फोन बंद पडले, अनेक गावांत कित्येक दिवस वीज आली नाही. तेव्हा लांब राहून कसे भागणार? गावकऱ्यांनीच कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन आडवी झाडे तोडली, रस्ते मोकळे केले, एकमेकांच्या घरांवर ताडपत्र्या बांधल्या. नंतर राज्य सरकारने मदत जाहीर केली. नेहमीच्या निकषांपेक्षा वाढवून बागायतीला हेक्टरी 50 हजार रुपये, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. मदत वाढवली हे चांगलेच झाले. पण हेक्टरी म्हणजे कुणाला? ज्याच्या नावावर हेक्टर आहे त्याला. दुसऱ्याच्या बागेत झाडावर चढून ज्याचे पोट चालत होते आणि ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याची रोजी त्याच वाऱ्यात गेली. त्याला या हेक्टरी हिशेबात जागा कोणती?

यादी मालमत्ता मोजते, नुकसान मोजीत नाही. ज्याच्याकडे जास्त होते त्याचे जास्त गेले, म्हणून त्याला जास्त, असा हा सरळ दिसणारा हिशेब आहे. पण ज्या समाजाला हजारो वर्षे काही बाळगण्याचाच अधिकार नव्हता, त्याच्या बाबतीत या हिशेबाचा अर्थ काय होतो? आधी नव्हते, म्हणून आताही नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच मराठवाड्यात उभा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या भिंतींनी पाटलाला सोडले नाही आणि महारवाड्यालाही सोडले नाही. ढिगारे सर्वांनी मिळून उपसले, प्रेतांना एकाच ठिकाणी अग्नी दिला गेला. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून नवी गावे वसवण्याची योजना आली. सपाट झालेल्या जमिनीवर पहिल्यापासून गाव मांडायचे होते. जुनी वेस पुसून टाकण्याची अशी संधी इतिहास पुन्हा पुन्हा देत नाही. पण पूर्ण स्थलांतरित गावांत घराचे माप कशावर ठरले? पूर्वीच्या जमीनधारणेवर! भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फुटांचे घर, मोठ्या जमीनदाराला 750 चौरस फुटांचे. भूमिहीनाच्या कुटुंबात माणसे कमी असतात काय? त्याच्या लेकीसुनांना आडोसा कमी लागतो काय? भूकंपाने जी विषमता एका पहाटेत पाडली, ती सरकारी नकाशाने फूटपट्टी लावून पुन्हा उभी केली.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली आणि सुमारे महिनाभराने, 29 ऑगस्टला, अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरावर कतरिना हे चक्रीवादळ आले. बांध फुटले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते आधीच निघून गेले होते. मागे राहिले त्यांत बहुसंख्य गरीब काळे लोक होते. पुलावरून चालत शेजारच्या गावी निघालेल्या जमावाला त्या गावच्या पोलिसांनी बंदुका दाखवून परत फिरवले. वेस तिकडेही असते, फक्त तिकडे ती पुलावर होती. सरकार पोहोचले नाही तिथे शेजारी पोहोचले. आपापल्या होड्या काढून त्यांनी छपरांवरची माणसे उतरवली. मलिक रहीम नावाच्या ब्लॅक पँथरच्या जुन्या कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत मदतकेंद्र उभे केले, फुकट दवाखाना चालवला. दान नव्हे, ऐक्य, ही त्यांची घोषणा होती. ज्या पँथरांच्या नावावरून 1972 साली मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली, त्यांचाच हा वारसा.

तिथेही चौथा दिवस आलाच. घर बांधायला सरकारी अनुदान आले. नियम असा होता, की घराची वादळापूर्वीची बाजारकिंमत आणि बांधणीचा खर्च, यांतले जे कमी असेल त्यावर अनुदान ठरणार. काळ्यांच्या वस्तीतल्या घराला बाजारात किंमत कमी, विटा-सिमेंटचा खर्च मात्र गोऱ्यांच्या घराइतकाच. म्हणजे तेवढ्याच घरासाठी काळ्या माणसाला पैसे कमी. लोक 2008 साली न्यायालयात गेले आणि 2011 साली सरकारला तडजोड करावी लागली. किल्लारीचे चौरस फूट आणि न्यू ऑर्लिन्सची बाजारकिंमत ही एकाच हिशेबाची दोन नावे आहेत.

आता आपल्या गावच्या पंचनाम्याकडे या. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने आपत्ती मदतीचे जे निकष ठरवले, त्यांत मैदानी भागातले घर पूर्ण पडल्यास 1 लाख 20 हजार रुपये आणि झोपडी पडल्यास 8 हजार रुपये आहेत. अंशतः पडझड झालेल्या कच्च्या घराला 4 हजार. म्हणजे पंचनाम्याच्या कागदावर 'घर' लिहिले की 'झोपडी' लिहिले, या एका शब्दावर लाखाच्या वर फरक पडतो. तो शब्द लिहिताना तुमच्यापैकी कोण तिथे उभे असते? वकिलीच्या निमित्ताने मी असे अनेक पंचनामे वाचले आहेत. मातीच्या भिंती, टिनाचे छप्पर, तीस वर्षांचा संसार, आणि कागदावर शब्द 'झोपडी'. खाली पंचांच्या सह्या असतात, त्यांतला एकही वाड्यातला नसतो.

त्याच निकषांत आणखी एक अट आहे. पडलेले घर अधिकृत बांधकाम असले पाहिजे. आपली किती घरे गायरानावर आहेत? ती तिथे का आहेत? गावठाणात आपल्याला जागा दिली नाही म्हणून. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964-65 साली लाखो भूमिहीनांनी तुरुंग भरले ते याच जमिनीच्या प्रश्नासाठी. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आले. पण घराखालच्या जमिनीचा कागद आजही अनेकांच्या हाती नाही. म्हणून वारा एकदा छप्पर नेतो आणि ही अट दुसऱ्यांदा नेते.

कायदा काय सांगतो? डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टिणममध्ये दलित कुटुंबांना मदत छावणीत इतरांसोबत राहू दिले नाही, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, अशा तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या होत्या. वर्षभरातच आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 मंजूर झाला. त्याच्या कलम 61 प्रमाणे नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म या कारणांवरून भेदभाव करता येत नाही. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? याच कायद्याच्या कलम 71 मुळे अशा बाबतीत खालच्या न्यायालयात दाद मागता येत नाही, पण उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे. आपल्यासाठी ते नागपूर खंडपीठ. खर्चाचे काय, असे कुणी विचारील. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीच्या बळीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पाणवठ्यावर किंवा सार्वजनिक जागी जातीमुळे अडवले, तर अॅट्रॉसिटी कायदा आहेच. कायदे आहेत. कमी पडतो तो आपला चौथ्या दिवसाचा पहारा.

इथे थोडे स्वतःकडेही पाहू. आपण व्यवस्थेला दोष देतो आणि तो योग्यच आहे. पण आपले विहार वर्षातून किती दिवस उघडे असते? 14 एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, 6 डिसेंबर. एरवी कुलूप, आणि किल्ली कुणाकडे यावरून दोन गट. गावातली बहुतेक वेळा चांगल्या स्लॅबची ही आपली एकमेव इमारत. वादळाच्या रात्री तिचे दार मातंगवाड्यासाठी उघडते काय? पारधी बेड्यावरच्या बाईसाठी उघडते काय? तांड्यावरच्या बंजारा भावासाठी, मोहल्ल्यातल्या म्हातारीसाठी, छप्पर उडालेल्या गरीब कुणब्यासाठी उघडते काय? जिथे उघडते तिथल्या उपासकांना माझा जयभीम. जिथे उघडत नाही, तिथे वेस आपणही बांधली आहे, हे कबूल केले पाहिजे.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य वरवरच्या रंगासारखी ठरतील. ही बंधुता त्यांनी तथागतांच्या शिकवणीतून घेतली, आणि धम्मात तिचे नाव मैत्री आहे. वादळाच्या रात्री लोक एकमेकांना जी भाकर देतात ती खोटी नसते. तिला नावे ठेवण्याचा कोडगेपणा मी करणार नाही, तीच भाकर खाऊन आम्ही वाढलो. पण ती भाकर कळवळ्याची असते. कळवळा ओसरतो. मैत्री हक्काच्या वेळी, वाटपाच्या वेळी, यादीच्या वेळी टिकते, म्हणून ती मैत्री. पत्रा उचलून देणारा वरच्या आळीतला तरुण चौथ्या दिवशी ग्रामसभेत उभा राहून 'यांचे घर यादीत घ्या' असे म्हणेल, तेव्हा तो आपला शेजारी झाला. आणि आपणही मातंगवाड्यासाठी तसेच उभे राहिलो, तर आपण बाबासाहेबांचे अनुयायी झालो.

म्हणून पुढच्या मृगाआधी प्रत्येक विहार समितीने काही कामे करावीत. वस्तीतल्या प्रत्येक घराचा, त्यात मातंग, पारधी, मुस्लिम, भटके सगळे आले, आतून-बाहेरून फोटो घ्यावा. घरपट्टीची पावती, वीजबिल, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा असे असतील ते कागद एका फायलीत लावावेत. पंचनाम्याच्या वेळी वाड्यातला एक पुरुष आणि एक बाई पंच म्हणून हजर ठेवावी. 'झोपडी' असे चुकीचे लिहिले तर त्याच दिवशी तहसीलदारांकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी करावी. आणि विहाराची किल्ली अशा घरी ठेवावी, जिथे रात्री दोन वाजता कुणीही हाक मारू शकेल.

पहिले तीन दिवस माणसे आपोआप माणसांसारखी वागतात, त्यासाठी चळवळीची गरज पडत नाही. चळवळ लागते ती चौथ्या दिवसासाठी.