संपाची शेवटची तारीख

संपात बुडालेले कामाचे दिवस मोजायची रीत तशी सोपी आहे. किती कामगार बाहेर आणि किती दिवस, एवढा गुणाकार. या रीतीने १९२६ साली ब्रिटनमध्ये १६ कोटींहून अधिक दिवस बुडाले. त्यातला गाजलेला सार्वत्रिक संप जेमतेम नऊ दिवसांचा. बाकी बहुतेक दिवस कोळसा खाणींना मालकांनी टाळं लावलं त्याचे. तरी नाव संपाचंच होतं.

हाच गुणाकार मुंबईच्या गिरणी संपाला लावून बघा. सुरुवात पक्की आहे, १८ जानेवारी १९८२. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आठवड्याची सुट्टी वजा केली तरी महिन्याला ६५ लाख दिवस झाले. पण मोजणी थांबवायची कुठे? हा संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. कुणी मान खाली घालून कामावर परतला, कुणी कोकणात, साताऱ्याकडे गावी गेला तो तिकडचाच झाला. लाखभराहून अधिक माणसांची नोकरी कायमची गेली. मस्टरवरून नाव उडालं की त्या माणसाचा दिवस बुडायचाही थांबतो. आकडा खाली येतो तो असा.

आणि बदलीवाल्यांचं काय? पाळी सुरू व्हायच्या आधी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कायम कामगार गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. वर्षानुवर्षं हेच. त्यांचे रिकाम्या हाताने परतलेले दिवस कुठल्याच खात्याने ‘बुडाले’ म्हणून लिहिले नाहीत. त्यांना कायम करा, ही संपातली एक मोठी मागणी होती. बोलताना आपण पगारवाढीवरच थांबतो.

संप चिघळला त्याला १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा बराचसा कारण आहे, असं माझं मत. या कायद्याने मान्यता एकाच संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. वाटाघाटी करायच्या त्या तिच्याशी, आणि कामगार तर उभे सामंतांच्या मागे. सामंतांचा हट्टही होताच. मागे फिरायची वाट त्यांनी ठेवली नाही. पण मालकांना तरी कुठे घाई होती? भिवंडीचे यंत्रमाग चालू होते, कापड बाजारात येत होतं. १९८३मध्ये सरकारने १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला, तोवर कित्येक घरांतली भांडी मोडीत गेली होती.

गिरण्यांच्या जमिनींवर पुढे काय उभं राहिलं ते लोअर परळला उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. कामगारांच्या वाट्याला म्हाडाच्या घरांची सोडत आली. पात्रतेसाठी सरकारने धरलेली तारीख १ जानेवारी १९८२. संपाच्या सतरा दिवस आधीची! त्या दिवशी किंवा नंतर तुम्ही कामावर होतात हे दाखवायचं, पासाने, पगाराच्या पावतीने, ईएसआयच्या कार्डाने. अर्ज दीड लाखाच्या घरात गेले. अर्जदारांत वारस पुष्कळ, आणि त्यांना आता वडिलांच्या हजेरीचा कागद शोधायचा आहे.