पडद्यावरचा माणूस कोणाचा?

दूरचित्रवाणीच्या मालिकेत कोणती भूमिका कोणी वठवली, कोणते पात्र खरे वाटले आणि कोणते खोटे, हा विषय अनेकांना निव्वळ करमणुकीचा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. कोट्यवधी घरांत रोज बोलणाऱ्या या पेटीत ‘माणूस’ म्हणून कोणाला स्थान मिळते आणि कोणाला केवळ चहाचा ट्रे आणून ठेवण्यापुरते उभे केले जाते, हा सामाजिक प्रश्न आहे. दूरदर्शनच्या तीन मालिकांकडे मागे वळून पाहिले, तर तो अधिक स्पष्ट होतो.

१९८४ च्या जुलैमध्ये ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक होते मनोहर श्याम जोशी. आरंभी कुटुंबनियोजनाच्या प्रचारावर भर होता. प्रेक्षकांना ते उपदेशाचे डोस रुचले नाहीत आणि कथानकाला वळण द्यावे लागले. पुढे मालिका दीडशेहून अधिक भाग चालली. तिचे यश पात्रनिवडीत होते. विनोद नागपाल यांचा दारुडा बसेसरराम, जयश्री अरोरा यांची सोशिक भगवंती, सीमा भार्गव यांची बडकी हे चेहरे चित्रपटातील तारकांचे नव्हते. ते शेजारच्या घरातले वाटत. परंतु येथेच एक विसंगती उघडी पडली. भगवंतीची सोशिकता हा इशारा ठरावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श गृहिणी मानले. सरंजामी संस्कार ज्या मनात खोल रुजले आहेत, तेथे दुःखाचे केवळ दर्शन पुरत नाही. त्या दुःखाचे कारणही दाखवावे लागते. मालिकेला प्रायोजक लाभला होता झटपट नूडल्स विकणारा, हेही विसरता येत नाही. सरकारी माध्यमाच्या दारातून बाजार आत आला तो याच वेळी.

१९८६ ची ‘नुक्कड’ एक पाऊल पुढे गेली. कुंदन शाह आणि सईद अख्तर मिर्झा यांनी रस्त्याच्या कोपऱ्यालाच नायक केले. दिलीप धवन यांचा वीजतंत्री गुरू, पवन मल्होत्रांचा सायकल दुरुस्त करणारा हरी, अवतार गिल यांचा हॉटेलवाला कादरभाई, अजय वढावकरांचा गणपत हवालदार या माणसांना स्वतःची भाषा होती, धंदा होता, अभिमान होता. तरीही एक आक्षेप उरतो. कोपऱ्यावरची बहुतेक संकटे आपापसांतील माणुसकीने मिटत. ती निर्माण करणारी व्यवस्था मात्र अधूनमधूनच दिसे. समीर खक्कर यांचा खोपडी विलक्षण लोकप्रिय झाला, आणि तो अभिनय अव्वल होता. पण बसेसररामच्या दारूची किंमत त्याचे घर मोजताना दिसते, तर खोपडीची दारू प्रेक्षकाला हसवते. गरिबाचे व्यसन गमतीचा विषय झाले की त्यामागची बेकारी नजरेआड होते.

१९८८ मध्ये आलेल्या ‘तमस’ने ही उणीव भरून काढली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरील या मालिकेत ओम पुरींचा नत्थू चर्मकार डुक्कर मारण्याचे काम पत्करतो. आपल्या हाताने कोणता कट तडीस जात आहे, हे त्याला ठाऊक नसते. मेलेले जनावर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते आणि शहर पेटते. दंगल कोण घडवतो, तिचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे एका दलित श्रमिकाच्या घाबऱ्या चेहऱ्यावर वाचता येते. चहाची टपरी सोडून पळावे लागणाऱ्या हरनामसिंगची भूमिका खुद्द साहनींनी केली, तर त्याची पत्नी बन्तो साकारली दीना पाठक यांनी. रावळपिंडीतील १९४७ ची होरपळ पाहिलेला लेखक आणि इप्टाच्या रंगभूमीवर घडलेली अभिनेत्री यांची ही निवड प्रसिद्धीसाठी नव्हती. त्यांना आसरा देणारी राजो सुरेखा सिक्रींनी अशी उभी केली, की त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मालिका बंद पाडण्याचा प्रयत्न झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती स्वतः पाहून स्थगिती उठवली, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी फेटाळली.

त्यानंतरचे चित्र निराळे आहे. २००० मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ने हवेलीचे युग आणले. कुटुंब उद्योगपतींचे, पण कारखाना बहुधा दिसत नाही; कामगार तर नाहीच. मालमत्तेच्या भांडणाला संस्कारांचा मुलामा दिला जातो. उत्तम नटनटीही दागिन्यांखाली दबतात, आणि सून म्हणून पुन्हा भगवंतीच येते, या खेपेस भरजरी साडीत.

जुन्या दूरदर्शनचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. त्याच काळात सरकारची स्तुती आणि पुराणकथांचा मारा याच पडद्यावरून झाला. मुद्दा एवढाच की श्रमिकाला मध्यभागी ठेवूनही प्रेक्षक मिळतात, हे ‘नुक्कड’ने सिद्ध केले, आणि कटू सत्य पचवण्याइतका प्रेक्षक प्रौढ आहे, हे ‘तमस’ने. ‘लोकांना हेच हवे असते’ हा निर्मात्यांचा बचाव म्हणूनच पोकळ ठरतो. लोकांपुढे काय ठेवले जात नाही, याचा हिशेब सांस्कृतिक आघाडीवरील कार्यकर्त्यांनी मागितला पाहिजे. घरोघरी, चाळीचाळीत, मालिका संपल्यावर होणारी चर्चा ही त्याची पहिली पायरी आहे.