गर्भातील वाढ आणि बाळाचा मेंदू



पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकताना त्रिशलामातेचा प्रसंग दरवर्षी मनाला स्पर्शून जातो. आपल्या हालचालींनी मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून गर्भस्थ प्रभू निश्चल झाले, आणि ती निश्चलता जाणवताच माता शोकाने व्याकूळ झाली. पुढे त्या बालकाचे नाव ठेवले गेले वर्धमान, म्हणजे वाढत जाणारा. गर्भाची हालचाल आणि गर्भाची वाढ या दोन गोष्टींवर आजचे प्रसूतिशास्त्रही बारकाईने लक्ष ठेवते.

आपल्या अनेक घरांत मात्र अजूनही म्हटले जाते, “बाळ लहान असले की बाळंतपण सोपे जाते.” हा समज घातक आहे. आईवडील ठेंगणे असले तर बाळही लहानखुरे असू शकते. त्यात काळजीचे कारण नसते. परंतु जे बाळ जेवढे वाढायला हवे होते तेवढे वाढत नाही, त्याची वाढ खुंटलेली असते. पुष्कळदा याचे मूळ वारेत असते. आईचा रक्तदाब वाढला, रक्त कमी पडले, आहार अपुरा राहिला किंवा घरात तंबाखूचा धूर असला, तर वारेतून बाळाला मिळणारा प्राणवायू व पोषण घटू शकते.

अशा वेळी गर्भ काय करतो? मंदीच्या दिवसांत जाणता व्यापारी इतर खर्च आवरतो, पण मूळ भांडवल राखतो. गर्भही हातपाय, पोट, मूत्रपिंडे यांकडील रक्त कमी करून ते मेंदूकडे वळवतो. म्हणूनच अनेकदा अशा बाळाचे डोके ठीक दिसते आणि अंग कृश असते. डॉप्लर सोनोग्राफीत मेंदूकडे वाढलेला हा रक्तप्रवाह दिसतो. परंतु डोके ठीक आहे म्हणून निश्चिंत होणे योग्य नव्हे. रक्त मेंदूकडे वळले, याचाच अर्थ गर्भ संकटात आहे. आणि या बचावालाही मर्यादा असते.

गरोदरपणाच्या अखेरच्या 3 महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर वळ्या पडतात, पेशींचे परस्परांशी जाळे विणले जाते. याच काळात पोषण तुटले तर स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पससारख्या भागांना झळ पोहोचू शकते. पुढे शाळेत एकाग्रता, स्मरण किंवा भाषा यांत काही मुले मागे राहतात. सर्वच नव्हेत. हे विधिलिखित नाही. ही जोखीम आहे, आणि जोखीम कमी करता येते.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 पासून आसपासच्या गावांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. बहुसंख्य मातांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी आढळले. मुले 9 वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या मातांमध्ये ते फारच कमी होते, ती मुले स्मरण व एकाग्रतेच्या काही चाचण्यांत मागे पडली. दूध-दह्यातून ब-12 मिळते, पण पुष्कळदा ते पुरेसे नसते. आणि गरोदरपणी मिळणाऱ्या लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या नेहमीच्या गोळीत ते नसते. त्याकरिता आहार सोडावा लागत नाही. रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक औषध घेता येते.

तप हे आपले भूषण आहे. तथापि गरोदर सुनेने वा लेकीने निर्जळ उपवास करावा अशी अपेक्षा कोणी धरू नये. तिच्या मनात तपाची भावना असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. ती चौविहार पाळत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, म्हणजे दिवसातील आहार नीट आखता येईल. नवकारशी ते सूर्यास्त या वेळेत डाळी, कडधान्ये, दूध, सुकामेवा तिच्या ताटात पुरेसे पडतात की नाही, हे पाहणे सासूबाईंचे आणि आईचे काम आहे.

प्रत्येक तपासणीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि गर्भाशयाची उंची नोंदवून घ्यावी. बाळाची हालचाल मंदावली असे तिला वाटले, तर “उद्या पाहू” असे म्हणू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाळ कमी वजनाचे जन्मले, तर आईचे दूध, आईच्या छातीशी उबदार स्पर्श आणि पहिल्या वर्षांत बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची नियमित तपासणी यांचा मोठा लाभ होतो. त्याच्याशी बोलावे, गावे, त्याला गोष्टी सांगाव्यात. जन्मानंतरही मेंदू घडतच असतो.

डोहाळजेवणाचा थाट आपण हौसेने करतो. त्याच हौसेने सुनेला शांतपणे विचारावे, “आज नीट जेवलीस ना? बाळ हालले ना?” या दोन प्रश्नांत उद्याच्या पिढीची फार मोठी काळजी सामावलेली आहे.